नेलपॉलिशची रेघ

"भाकर निवली. घास हातान धरून कं बघताव?" हंसाने विचारलं.

नथू बघत काहीच नव्हता. तो आठवत होता. सकाळी साडेदहाला, खाडीकडच्या त्या टॉवरच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनरूममध्ये त्याने ब्रेकची स्प्रिंग पाव आटा आवळली होती. गेजची पातळ पत्ती घालून फट तपासली होती. मग नेलपॉलिशची बाटली काढून रेघ ओढली, हात पुसले, वहीत सही केली. हे सगळं त्याला लख्ख दिसत होतं. पण स्प्रिंग आवळल्यावर आणि रेघ ओढण्याआधी चेकनट पक्का करायचा असतो. नेमकं तेवढंच दिसत नव्हतं.

चेकनट म्हणजे मुख्य नटाच्या पाठीवर बसणारा दुसरा नट. पुढच्याने हलायचं नाही म्हणून मागच्याने त्याला धरून ठेवायचं, एवढंच त्याचं काम. तो पक्का करताना शेवटचा जो हिसका लागतो तो मनगटातून येत नाही, खांद्यातून येतो. एकतीस वर्षं नथू तो हिसका देत आला होता. घरी येऊन अंघोळ करताना खांद्यात बारीकशी कळ यायची आणि आज किती लिफ्ट केल्या ते खांदाच सांगायचा. आज खांदा गप्प होता.

"हंसा, मना परत जावा लागंल," तो म्हणाला.

"कुठं?"

"टॉवरला. चेकनट."

हंसाने भाजीचं पातेलं खाली ठेवलं. "गेल्या महिन्यान पन तसाच झाला. त्याच्या आदल्या महिन्यान पन. दोनी टायमाला नट घट्ट होता. जेवा आधी."

तिचं खरं होतं. दोन महिन्यांत दोनदा नथू अर्ध्या जेवणावरून उठून लिफ्ट बघायला पळाला होता. दोन्ही वेळा लिफ्ट बंद करून लोकांचा खोळंबा केला आणि दोन्ही वेळा रेघ सरळच्या सरळ सापडली. दुसऱ्या खेपेला तर याच टॉवरचा सेक्रेटरी हरेश भडकला होता. त्याने थेट कॉन्रॅडशेठला फोन लावला, "तुमच्या मिस्त्रीला काय झालंय? एकदा रिपेर करतो आणि दोनदा बघायला येतो." कॉन्रॅडशेठ म्हणजे नथूचा मालक. नायगावपासून विरारपर्यंत बेचाळीस लिफ्टची देखभाल त्याच्याकडे होती आणि सातिवलीत एक गोडाऊन होतं. तो ओरडणारा माणूस नव्हता. "नथूदादा, थकला असशील तर गोडाऊनला बस. सामान मोजायलाही माणूस लागतोच," एवढंच तो मऊ आवाजात म्हणाला होता.

म्हणजे आता भीती दोन झाल्या. नट सैल असला तर, ही एक. आणि नट घट्ट असला तर, ही दुसरी. कारण घट्ट असला तर नथू म्हातारचळ लागलेला माणूस ठरणार होता. अशा वेळी कुठल्या देवाला काय मागावं हेही माणसाला कळत नाही.

त्याने वॉचमनला फोन लावला.

"ए विंगची लिफ्ट बंद कर. मी येतो."

"काका, नाय जमनार," वॉचमन म्हणाला. "सेक्रेटरी साहेबांनी सांगितलंय, तुमचा फोन आला तरी बंद करायची नाय. लेखी आना म्हनतात."

नथूने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. तीन वाजून दहा मिनिटं. आज शुक्रवार. चार वाजता मालनताई परत येणार.

मुळात सकाळचं काम मालनताईंसाठीच तर होतं. मालनताई गिरीज गावच्या. केळी आणि पानवेलीत आयुष्य गेलं. आता किडनीने दगा दिला म्हणून लेकीकडे, संजनाकडे, नवव्या मजल्यावर राहायला आल्या होत्या. आठवड्यातून तीनदा व्हीलचेअरवरून डायलिसिसला जायच्या. लिफ्ट दर मजल्यावर दोन बोटं खाली थांबायची. धडधाकट माणसाला दोन बोटांचं काय! पण व्हीलचेअरची पुढची चिमुकली चाकं त्या दोन बोटांना अडायची. बुधवारी खुर्ची कलली आणि मालनताई पडता पडता वाचल्या. तेव्हा कुठे हरेशने तक्रार लिहिली.

दुसरा मिस्त्री असता तर त्याने ब्रेकची लायनिंग बदला, सेन्सर बदला, म्हणून यादी दिली असती. नथूने मशीनला हात लावला, दोन फेऱ्या ऐकल्या आणि स्प्रिंग पाव आटा आवळली. लिफ्ट उंबऱ्याशी अशी थांबायला लागली की वरून रुपया घरंगळत गेला असता. कॉन्रॅडशेठच्या धंद्यात यालाच 'नथूचा हात' म्हणत.

आणि त्या हाताची सही म्हणजे ती लाल रेघ. लग्नानंतर हंसाची एक नेलपॉलिशची बाटली तशीच पडून होती. तिच्या भातशेतीच्या हातांना ती कधी लागली नाही. नथूने ती पिशवीत टाकली आणि पक्क्या केलेल्या प्रत्येक नटावर, नटापासून बोल्टपर्यंत, एक रेघ ओढायला सुरुवात केली. नट तसूभर हलला तर रेघ तुटणार, बघणाऱ्याला लगेच कळणार. आधी पाना, मग रेघ, हा नियम. बाटल्या कितीतरी संपल्या, नियम तोच. पुढे कॉन्रॅडशेठची सगळी माणसं तपासणीला गेली की पाना लावायच्या भानगडीत पडतच नसत. रेघ सरळ आहे ना, झालं तर मग. नथूदादाने शब्द दिलाय.

त्याने हात धुतला आणि स्कूटरला किक मारली. हंसा दारापर्यंत आली. "सावकाश जावा," ती म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता, पण नथूचं तिकडे लक्ष नव्हतं.

रस्ताभर त्याच्या डोळ्यांपुढे एकच चित्र होतं. लिफ्ट पडेल, ही लोकांची भीती. नथूची भीती वेगळी होती. लिफ्टच्या मागे लोंबणारं वजन रिकाम्या डब्यापेक्षा जड असतं. ब्रेक सुटला की रिकामा डबा खाली येत नाही, वर जातो. दार उघडं असलं तरी जातो. उंबऱ्यावर कोण आहे ते बघत नाही. आणि मालनताईंची खुर्ची उलटी ओढत आत घ्यायला संजनाला चांगलं मिनिटभर लागायचं. दाराला पिशवी लावून ती खुर्ची तिरकी करायची, तेव्हा मालनताईंचे पाय बाहेर आणि पाठ आत असायची. समोरून डंपर आला तो त्याला हॉर्न ऐकूनच कळला.

टॉवरच्या खाली तो पोचला तेव्हा रिक्षा उभी होती आणि संजना व्हीलचेअर ढकलत लॉबीत शिरत होती. आज दहा-पंधरा मिनिटं लवकरच आल्या होत्या.

"काका!" संजना हसली. "काय मस्त केलीत हो लिफ्ट! सकाळी उतरताना एक धक्का नाही बसला आईला."

"बाय, थांब. आत जाऊ नको."

"का? काय झालं?"

"मना एकदा बघायचंय वर."

हरेश लॉबीतच होता, नोटीस बोर्डला टाचणी लावत. तो वळला. "नाही हां काका. परत नाही. मागच्या वेळी पण हेच केलंत. त्या बाजूची लिफ्ट तीन महिने पार्टसाठी बंद, ही एक चालतेय तर तुम्ही तिच्या मागे लागलाय."

"पंधरा मिन्टं द्या."

"सकाळी सही केलीत ना? सगळं ओके लिहिलंत ना? मग? तुमचाच तुमच्यावर विश्वास नाही का?"

नथूने खुर्चीकडे बघितलं. मालनताईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. डायलिसिसच्या मशीनवरून आल्यावर त्यांना बसवतही नसे, कधी एकदा पाठ टेकते असं व्हायचं. एक फेरी. फक्त एक फेरी वर जाऊ द्यावी, मग बघू. सकाळपासून पन्नास फेऱ्या झाल्या असतील, काही झालं नाही. नथूच्या तोंडात 'जा' हा शब्द अगदी तयार होता.

"मालनताय," तो म्हणाला, "तुमी इथं बसा, दारापासून दोन हात लांब. आनि कोनाला आत जाऊ देऊ नका. मी जिन्यानं जातो."

मालनताईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. त्यांना काय दिसलं कोण जाणे. "जा बाबा तू," त्या म्हणाल्या. "मी बघते कोण जातो ते."

"जिन्याने?" हरेश म्हणाला. "चौदा मजले? लिफ्टने का नाही जात?"

नथू तोवर पहिल्या वळणावर होता.

त्याचे गुडघे अठ्ठावन्न वर्षांचे होते. चौथ्या मजल्यापर्यंत त्यांनी काही म्हटलं नाही. पाचव्यावर त्याला भिंतीआडून लिफ्टचा आवाज आला. वरून कोणीतरी बोलावली होती. खाली मालनताई पहारा देत होत्या, पण वरच्यांना कोण अडवणार? तो भिंतीला कान लावून उभा राहिला. लिफ्ट वर गेली, थांबली, दार उघडलं. नथूने श्वास रोखला. दार मिटलं. तो पुन्हा चढायला लागला. आठव्यावर पुन्हा आवाज. आता आत मुलांचा दंगा होता, शाळेतून आलेली किंवा क्लासला निघालेली. "अरे, उतरा! चालत जा!" नथू भिंतीकडे तोंड करून ओरडला. एका घराचं दार उघडलं, एक बाई त्याच्याकडे बघून दार लावून आत गेली. त्याने तिला दोष दिला नाही. भिंतीशी बोलणाऱ्या माणसाला दुसरं काय करणार?

दहा. अकरा. इथे कठडा धरावा लागला. छाती भात्यासारखी चालत होती. देवा, घट्ट असू दे, तो मनात म्हणाला. मला वेडा ठरव, गोडाऊनला बसव, पण घट्ट असू दे. मघाशी काय मागावं ते कळत नव्हतं. आता कळलं.

मशीनरूमचं कुलूप उघडून तो आत गेला. लिफ्ट उभी राहीपर्यंत थांबला, इंटरकॉमवरून आत कोणी नाही याची खात्री केली आणि मेन स्विच खाली ओढला. मशीनचा गुणगुणाट थांबला. त्याने दिवा लावला आणि ब्रेकपाशी वाकला.

रेघ सरळ होती. नटापासून बोल्टपर्यंत, एका हिसक्यात ओढलेली, लालभडक, कुठेही तुटलेली नाही.

नथू तेलकट जमिनीवर मटकन बसला. त्याला हसू आलं आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणीही आलं. घट्ट होता. म्हणजे म्हातारचळच. चालेल. खाली जाऊन हरेशच्या शिव्या खायच्या, घरी जाऊन हंसाची बोलणी खायची. चालेल, सगळं चालेल. उठायला आधार हवा म्हणून त्याने मशीनवर हात ठेवला, आणि बोटं सहज चेकनटावर पडली.

चेकनट फिरला.

पाना लागला नाही. जोर लागला नाही. बाटलीचं झाकण फिरावं तसा तो बोटांत फिरला आणि रेघेचे दोन तुकडे झाले.

सकाळपासून तो नट नुसता जागेवर टेकून उभा होता. अजून दहा फेऱ्या, अजून शंभर फेऱ्या, कधीतरी मशीनच्या थरथरीने तो सरकला असता, त्याच्यामागून पुढचा सरकला असता. नथूने पाना न लावताच रेघ ओढली होती. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

पहिल्यांदा?

आणि मग तो खरा घाबरला. मागच्या दोन वेळा तो असाच पळत आला होता आणि रेघ बघून परत गेला होता. दोन्ही वेळा त्याने नुसती रेघ बघितली होती. नटाला हात लावला नव्हता.

त्याने पाना घेतला, चेकनट आवळला, खांद्यातून हिसका दिला. खांदा बोलला. मग मागच्या खेपेला ज्याच्यासाठी पळत आला होता तो खालचा नट पान्याने तपासला. तो घट्ट निघाला. पण बाकी? बेचाळीस लिफ्ट, आणि प्रत्येक लिफ्टमध्ये त्याच्या हातच्या आठ-दहा रेघा. कुठल्या खऱ्या आणि कुठल्या खोट्या, हे सांगू शकणारा माणूस एकच होता, आणि त्यालाच ते आठवत नव्हतं.

त्याने लिफ्ट सुरू केली. दुरुस्तीनंतरची पहिली फेरी मिस्त्रीने स्वतः मारायची असते. तशी त्याने मारली, प्रत्येक मजल्यावर दार उघडून उंबरा बघितला आणि खाली आला.

"दोघी आल्या होत्या," मालनताई म्हणाल्या. "जिन्याने पाठवल्या. एकीने तोंड वाकडं केलं."

संजनाने खुर्ची वळवली. पुढची चिमुकली चाकं उंबऱ्यावरून आत गेली तेव्हा मालनताईंच्या मांडीवरच्या बाटलीतलं पाणीसुद्धा हललं नाही. "हात लई बरा आहे रे तुझा," त्या म्हणाल्या आणि दार मिटलं.

हरेश कमरेवर हात ठेवून उभा होता. "मग? घट्टच होता ना?"

नथूने त्याच्याकडे बघितलं. "होय," तो म्हणाला. "घट्टच होता."

"मी म्हटलं नव्हतं?"

घरी आल्यावर तो ओट्यावर बसून राहिला. हंसाने चहा आणला. त्याने घेतला नाही. मग त्याने तिला सगळं सांगितलं, रेघेचं, नटाचं आणि हरेशला मारलेल्या थापेचं. त्याला वाटलं ती म्हणेल, होतं असं कधीतरी, वय झालं. हंसा नुसती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"बोल की," तो म्हणाला.

"दिवालीपासून मी तुमच्यामागून गॅस बंद करतंय," ती म्हणाली. "चहा ठेवताव, उतरवताव, नि बटन तसाच. रोज नाय. पन होतं. मी म्हटला, घरान हाय तवर चालंल, मी बघीन." तिने पदराचं टोक सोडलं. "कामावर पन होत असंल असा माझ्या मनान कवाच नाय आला. तुमच्या कामाचा मना कदी भ्याव नाय वाटला."

नथूला वाटलं, कोणीतरी पायाखालची फळी काढून घेतली. त्याची भीती आता त्याच्या एकट्याची उरली नव्हती आणि त्यामुळे ती काही कमी झाली नव्हती. शेवटी नथूने फोन घेतला.

कॉन्रॅडशेठने सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "कोणी बघितलं काय?"

"नाय."

"लिफ्ट आता बरोबर चालते?"

"होय."

"मग झालं तर नथूदादा. रविवारी चर्चमधला मिसा आटोपून आलो की बसू आपण. बोलू शांतपणे."

"रविवारपर्यंत नाय थांबता येनार, शेठ. बेचाळीस लिफ्ट हायेत. सगल्या बघायच्या. उद्यापासून. डेरिकला पाठवा, पाना घेऊन. नि त्याला सांगा, रेघ बघू नको. रेघेवर इस्वास ठेवू नको."

"तुला कळतंय तू काय सांगतोस?" कॉन्रॅडशेठ म्हणाला. "सोसायट्यांना काय सांगू मी? रेघ दाखवून मी कामं घेतलीत रे." आणि मग, आवाज खाली आणून, "डॉक्टरकडे गेलास?"

"जाईन. आधी लिफ्ट."

"आणि तू काय करणार?"

"कुठल्या मशीनला कुठं कुठं हात लावला ते दाखवायला कोन तरी पायजेल. मी येतो बरोबर. पाना नाय धरनार."

"हरेशला मी सांगतो मग."

"नाय. त्याला मी सांगीन. खोटा मी बोललो."

डेरिक कॉन्रॅडशेठचा दुसरा मिस्त्री, नथूपेक्षा दहा वर्षांनी लहान. पाना कसा धरायचा हे त्याला नथूनेच शिकवलं होतं, आणि पुढच्या दोन दिवसांत दोघांपैकी कोणीही तो विषय काढला नाही. एका मशीनरूममधून दुसऱ्या मशीनरूममध्ये, एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर. डेरिक रेघेला पाना लावायचा, जोर द्यायचा, नट हलायचा नाही. "ओके," तो म्हणायचा आणि पुढे सरकायचा. प्रत्येक 'ओके'ला नथूच्या छातीतलं काहीतरी सुटायचं आणि पुढच्या नटापाशी पुन्हा आवळलं जायचं. अकरा लिफ्ट झाल्या. बारावीही झाली. डेरिक आता हसून बोलायला लागला होता. "बघ दादा, उगाच तू घाबरवलंस सगळ्यांना."

तेराव्या लिफ्टच्या मशीनरूममध्ये दिवा गेला होता. नथूने टॉर्च धरला. दरवाजाच्या बाजूचा, खालचा, तिसरा नट. रेघ सरळ, लालभडक. डेरिकने पाना लावला, आणि पाना लोण्यातून जावा तसा फिरला.

डेरिकने वर बघितलं नाही. त्याने नट आवळला, खांद्यातून हिसका दिला, खिशातून फडकं काढलं आणि रेघेचा लाल रंग पूर्ण जाईपर्यंत पुसत राहिला. मग पुढच्या नटाकडे वळला. तिथे मशीनची सावली पडत होती.

"दादा, उजेड जरा डावीकडे."

नथूने टॉर्च किंचित डावीकडे घेतला.

"अजून थोडा. बस. आता दिसतंय."

नथूने हात तिथेच धरून ठेवला. डेरिकचं काम होईपर्यंत तो उजेड जराही हलला नाही.